मीठ फुटलेलं परस

राहीबाई आमच्या शेजारी राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून टिकावाचा आवाज आला. मी बाहेर येऊन पाहिलं. कमरेला दवाखान्याचा पट्टा बांधलेली एक म्हातारी बाई घरामागची जमीन उकरत होती. टिकाव डोक्याच्या वर नेत नव्हती. खांद्यापर्यंत उचलायची आणि त्याच्याच वजनानं खाली पडू द्यायची. जोर लावायची तो ढेकूळ उलटताना. अंगमेहनतीची सवय असलेलं माणूस असंच करतं. मी पाटबंधारे खात्यात मजूर होतो. चाऱ्या उपसण्यात आणि चर खोदण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे नजर आधी हातांकडे जाते.

"बाई, कंबर दुखती, मग टिकाव कशाला धरला?" मी विचारलं.

"कंबर दुखती म्हनून तर परसात हाय, भाऊ. न्हाईतर फडात असते." त्यांनी वर न बघताच सांगितलं.

राहीबाई पाथर्डी तालुक्यातल्या. लग्न झाल्यापासून ऊसतोडीला. नवरा होता तोवर नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर मुलगा बजरंग आणि सून यांच्या टोळीत. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं की मणके झिजले. डॉक्टरांनी तोड बंद करायला सांगितली. मग हंगामात त्या गावाकडच्या एका खोलीत एकट्या राहू लागल्या. मागच्या हिवाळ्यात पाण्याच्या पिंपाजवळ पाय घसरून पडल्या. सगळी वस्ती उसाला गेलेली. हाक ऐकायला कोणी नाही. उन्हं कलल्यावर शेरडं घेऊन निघालेल्या एका बाईला त्या दिसल्या.

त्यानंतर त्यांच्या मुलीनं, अश्विनीनं त्यांना कोपरगावला आणलं. अश्विनी इथल्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहे. तिचा नवरा सुहास पतसंस्थेत कारकून. घर लहान, पण मागं परस बऱ्यापैकी मोठं. सुहास स्वभावानं गरीब. सासूला "मामी" म्हणायचा आणि थट्टा करायचा.

"मामी, मुक्कामाला आलात का कामाला? मला हजेरी लावावी लागंल."

"लावा जावईबापू. पन जेवन हजेरीत धरू नका."

ही थट्टा नव्हती, हे कळायला आम्हाला थोडे दिवस लागले. लेकीच्या घरी बसून खायचं नाही, हे राहीबाईंच्या मनात पक्कं होतं. पाव्हणी म्हणून दोन दिवस ठीक. त्यापुढं नाही. त्या सगळ्यांच्या नंतर जेवायच्या. अर्धी भाकरी, वर पाणी. दुसरा चहा घ्यायच्या नाहीत. अश्विनी भिंतीपाशी येऊन माझ्यापुढं रडकुंडीला आली होती. "काका, माझ्याच आईला मी वाढायचं आणि तिनं हात आखडायचा. मी काय करू?"

राहीबाईंनी त्यावर स्वतःच तोड काढली होती. परस पिकवायचं. भाजी आपली, म्हणजे जेवण आपलं. पिकलं तर राहायचं, नाही पिकलं तर पाथर्डीला परत जायचं. हे त्यांनी अश्विनीला तोंडावर सांगितलं होतं, आणि ती बाई बोललेलं फिरवणारी नव्हती.

परसाची जमीन मात्र वाईट. आमच्या या बाजूला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी आणि ऊस. खालचं पाणी वर आलेलं. वाळली की विटेसारखी, भिजली की फावड्याला चिकटून बसते. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. जमिनीला मीठ फुटलं असं इथं म्हणतात. त्यात घर बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे. राहीबाईंनी ते सगळं वेचलं, घमेल्यानं बाहेर नेलं. बसून, सरकत सरकत, पट्टा आवळत. वेचलेल्या जागेत दुसऱ्यांदा हात घालावा लागला नाही. कुठून तरी शेणखत मिळवलं आणि वाफे आखले. वाफ्याची कड इतकी सरळ की दोरी लावल्यासारखी.

मग आठवडी बाजारातून रोपं आली. मोगरा, पपई, केळीचे मुनवे. मेथी आणि कोथिंबिरीचं बी.

"ह्या मातीत पपई येईल का?" मी विचारलं. "बोर लावा. नाहीतर करवंद, कण्हेर. ते मीठ सोसतं."

राहीबाई हसल्या. "भाऊ, जल्मभर बोरी-बाभळीच बघितल्या की. केळीचं पान आमी पूजेला इकत घ्यायचो. आता दारात पानी हाय, तर बोर कशाला लावू?"

 

पाणी खरंच होतं. अश्विनीच्या परसात बोअर होती आणि तिला लांब नळी. पाणी जिभेला जरा मचूळ लागायचं, पण भरपूर. राहीबाई सकाळी नळी धरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा. वाफे तुडुंब भरायच्या. केळीच्या बुंध्याशी तर डबकंच. नळी हातात असली की त्यांचा चेहरा निवायचा. त्यांच्या गावात टँकर यायचा तेव्हा हंडे रांगेत असायचे. भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालायचं, तेही राखेचा गाळ खाली बसल्यावर. ती बाई पाणी असताना झाडाला कमी कशी देणार? एकदा मी "बेतानं द्या" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "पानी असून आखडून धरायचं, ही नियत आपली न्हाई."

मेथी उगवली. दाट, हिरवीगार. राहीबाईंनी पहिली जुडी उपटून भिंतीवरून आमच्याकडे दिली. त्या दिवशी मेथीची भाजी करून त्या सगळ्यांबरोबर पंगतीला बसल्या आणि पोटभर जेवल्या. अश्विनीनं हे मला दवाखान्यात जाता जाता थांबून सांगितलं. 

थंडी सरायच्या सुमाराला सगळं बदललं. कोथिंबीर उगवून तिथंच थांबली. मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, जणू कोणी उदबत्ती लावलीय. पपईची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मेथीचा दुसरा पेरा ठिपक्याठिपक्यांनी आला. वाफ्यांवर पांढरी पिठी दिसू लागली. राहीबाई ती खुरप्यानं खरवडायच्या, घमेल्यात भरून बाहेर टाकायच्या, आणि जागा धुऊन निघावी म्हणून आणखी पाणी सोडायच्या. दोन दिवसांनी पिठी पुन्हा वर. खरवडायचं काम त्यांनी कधी अर्धवट सोडलं नाही. ते बघून जास्त वाईट वाटायचं. मेहनत पुरी होती, आणि प्रत्येक पाण्यागणिक जमीन बिघडत होती.

सुहासनं न बोलता माती आणि बोअरचं पाणी माती परीक्षण केंद्रात नेऊन तपासून आणलं. जमिनीत क्षार वाढलेत, खाली पाणी साचलंय, आणि बोअरचं पाणीही क्षाराचं, असं तिथल्या माणसानं त्याला समजावलं होतं. पाणी कमी करा. चर खोदून साचलेलं बाहेर काढा. धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरा आणि फुलावर यायच्या आत कापून मातीत गाडा. त्यानं जमीन भुसभुशीत होईल, मग पुढची झाडं निवडा. सुहासनं हे सगळं राहीबाईंना हळू आवाजात सांगितलं. मी भिंतीशी होतो.

राहीबाईंनी त्यातलं एकच ऐकलं. "म्हंजे पानी बंद."

"बंद नाही मामी, थोडं."

"झाड वाळाय लागलंय आन् तुमी पानी तोडा म्हनता? माझ्या हातानं?"

दुसऱ्या दिवशी परसातल्या नळीला पाणी आलं नाही. अश्विनीनं मोटारीचा फ्यूज काढून ठेवला होता. घरात मोठं भांडण झालं. अश्विनीचा आवाज चढलेला, राहीबाईंचा ऐकूच येत नव्हता. थोड्या वेळानं त्या हंडा घेऊन माझ्या दारात आल्या.

"भाऊ, तुमच्या नळाचं दोन हंडे घेऊ का?"

"प्यायला घ्या. झाडाला देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाणवठ्यावर कोणी हंडा बाजूला सारला की बाई जशी बघते, तसं. त्या हंडा घेऊन परत गेल्या नाहीत. पायरीवरच बसल्या. मग मला कळलं की गोष्ट पपईची नाही.

बजरंगचा फोन आला होता. तो गुजरातच्या फडात होता. पट्टा पडला की टोळीची गाडी कोपरगाववरूनच जाणार, तेव्हा तो आईला घेऊन जाणार होता.

"त्यो म्हनतो, आये, लोक हासत्यात. बजरंगानं म्हातारी लेकीच्या दारात नेऊन टाकली म्हनत्यात. मी म्हनले, टाकली न्हाई. माझं मी पिकवून खाती. मेथी हाय, पपई हाय, केळी हाय म्हनले. त्यो म्हनला, बघतोच येऊन." राहीबाई पदरानं हंड्याची कड पुसत राहिल्या. "त्यो येऊन काय बघंल, भाऊ? मीठ?"

"पाथर्डीला गेलात तर तिथं कोण आहे?"

"उन्हाळाभर समदे हायेत. दिवाळी झाली की कोन न्हाई."

मी त्यांना घेऊन परसात गेलो. म्हटलं, एक पपई उपटून बघा. त्यांना ते पटेना. जिवंत झाड कसं उपटायचं? शेवटी त्यांनी सगळ्यात पिवळ्या पपईला हात घातला. ताकद लावावीच लागली नाही. झाड अलगद हातात आलं. मुळं काळी, गिळगिळीत, वास मारणारी. आणि झाड निघालं तिथल्या खड्ड्यात आमच्या डोळ्यांदेखत पाणी जमू लागलं.

राहीबाई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी त्या पाण्यात बोटं घातली.

"म्हंजे मी दिलेलं समदं हितंच हाय."

"व्हय."

"लेकरं बुडाली म्हना की पान्यात."

त्यांनी ओली बोटं पदराला पुसली. मग विचारलं, "चर किती खोल लागंल?"

चर मी आणि त्यांनी मिळून खोदला. सुहास सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याच्या हाताला फोड आले तरी फावडं सोडलं नाही, हे मुद्दाम लिहितो. परसाच्या कडेनं कंबरभर खोल, मागच्या ओढ्याकडे उतार देत. ओल्या चोपणात, म्हणजे असल्या मीठ फुटलेल्या चिकट जमिनीत, चर खोदणं हे काम सोपं नाही. फावडं रुततं, माती सुटत नाही, बाजू ढासळतात. एकदा खोदलेलं दुसऱ्यांदा काढावं लागतं. उतार चुकला तर पाणी थांबतं आणि सगळं फुकट. राहीबाई चरात उतरायच्या नाहीत, अश्विनीनं शपथ घातली होती. पण काठावर बसून माती मागं ओढायच्या आणि कुठं बाजू सुटतेय ते आधी सांगायच्या. तळाशी विटांचे तेच तुकडे अंथरले, वरून काटक्या आणि पाचट. पाणी ओढ्याकडे वाहू लागलं. गढूळ, संथ, पण वाहत होतं. राहीबाई रोज सकाळी ते बघायला जायच्या. आपलंच पाणी बाहेर जाताना बघणं त्यांना सोपं जात नव्हतं. तोंड फिरवून परत यायच्या.

पपई, केळी आणि मोगरा गेले. वाफे मोडले. फाल्गुनात धैंचा पेरला. तो अशा मातीत येतो. आलाही. गुडघ्याला लागला, मग कमरेला. सगळं परस हिरवं झालं. राहीबाईंनी पाणी मोजकंच दिलं, आणि प्रत्येक वेळी नळी बंद करताना त्यांचा हात अडायचा. पण खायचं एक पान त्यात नव्हतं. त्या पुन्हा अर्ध्या भाकरीवर आल्या होत्या. अश्विनीनं बोलणं सोडून दिलं होतं. ताट वाढून ठेवायची आणि दवाखान्यात निघून जायची.

चैत्रात बजरंग आला. टोळीची गाडी रस्त्यावर उभी होती. वर बोचकी, पत्रे, सायकली, माणसं. तो चपला काढून सरळ मागं आला. उन्हानं काळा पडलेला, उंच माणूस. योगायोग असा की धैंचा कापायचा तोच दिवस होता. कळ्या दिसू लागल्या होत्या, आणखी थांबलं असतं तर खोड टणक झालं असतं. सुहासनं रजा घेतली होती. अश्विनीची दवाखान्यातली पाळी दुपारची होती.

"आये, ह्ये काय पेरलंय? ताग हाय का?"

"धैंचा."

"खात्यात का त्यो?"

राहीबाईंना थाप मारता आली असती. मी भिंतीशी उभा होतो आणि मला वाटलं, मारतील. पण त्या म्हणाल्या, "न्हाई. कापून गाडायचा हाय."

"आन् पपई? केळी?"

"मेली. मीच मारली. पानी लई दिलं."

बजरंग हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मंग काय पिकवून खाती म्हनत हुतीस? चल, बोचकं बांध. गाडी थांबलीय."

"आधी ह्ये कापू दे."

"जावई कापतील की."

"जावयाला इळा धरता येत न्हाई." राहीबाई म्हणाल्या. सुहासनं मान डोलावली. त्याला येत नव्हताच.

बजरंगनं गाडीवरून कोयता आणला. राहीबाईंनी हात पुढं केला, त्यानं दिला नाही. मग त्या घरातला विळा घेऊन ओळीच्या एका टोकाला बसल्या. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो दुसऱ्या टोकाला लागला.  बुडातून एक घाव, डाव्या हातानं मूठ मागं टाकायची, पाय सरकवायचा. दोघांचा हात एकाच लयीत. कापलेली जुडी दोघंही एकाच दिशेनं, शेंडे एका बाजूला ठेवून टाकत होते. इतकं सारखं काम मी खात्यात कधी पाहिलं नाही. अर्धं परस झालं तेव्हा राहीबाई थांबल्या. उठता येईना. अश्विनी पळत आली, तिनं आणि सुहासनं त्यांना धरून ओट्यावर बसवलं. उरलेलं बजरंगनं एकट्यानं कापलं. मग आम्ही तिघांनी फावड्यानं ते सगळं मातीत गाडलं. हिरवं परस काळं झालं.

बजरंगनं पाय धुतले. "आता चल."

"कुटं?"

"घरी."

"कंबर आजच गेली बघ. तितं कोन बघनार? तुजी बायको? तिचीच कंबर गेलीय."

"मंग हितं काय, लेकीच्या जिवावर बसनार? तुजं तर काय पिकलं न्हाई."

अश्विनी काही बोलायला गेली, राहीबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"न्हाई पिकलं. ह्ये कुजाय पावसाळा येईल. मंग बी येईल का न्हाई, म्हाईत न्हाई. तवर मी लेकीचं खानार. तुला लाज वाटती, मला बी वाटती. पन मी आता पिंपापाशी पडून ऱ्हानार न्हाई, बजरंगा."

बजरंगचं तोंड उतरलं.  मग म्हणाला, "लोकांना मी काय सांगू?"

"सांग की, म्हातारी लेकीकडं हाय."

अश्विनीनं दोघांची ताटं वाढून आणली. "दादा, जेवून जा. एवढं राबलास."

"गाडी थांबलीय, अश्वे." तो म्हणाला. ताटाकडे बघितलं नाही. आईच्या पायाला हात लावला, चपला घातल्या आणि गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. सुहास दाराशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

राहीबाईंनी ताट पुढं ओढलं. भाकरी मोडली आणि हात तसाच थांबला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. अश्विनी समोर बसली होती.  मी फावडी उचलून धुवायला घेतली, कारण तिथं उभं राहायला दुसरं काही निमित्त नव्हतं.

बऱ्याच वेळानं राहीबाईंनी पहिला घास घेतला. मग भाकरी संपवली, आणि मान खाली घालून ताट लेकीकडं सरकवलं.

"अजून अर्धी वाढ," त्या म्हणाल्या.